बाबांचा खडू आणि बसवाल्या बाईंची ट्रफल

माझ्या बाबांनी तीस वर्षं औषध विकलं आणि मी गेली बारा वर्षं ते शोधून काढतेय. औषध म्हणजे पिकावर मारायचं. निफाडला आमचं कृषी सेवा केंद्र होतं आणि सगळं गिऱ्हाईक द्राक्षवाल्यांचं. इकडे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या एका लॅबमध्ये मी लोकांची फळं-भाज्या दळते, त्यांचा अर्क काढते आणि मशीनला पाजते. मग मशीन सांगतं की कुठलं औषध किती उरलंय. त्याला रेसिड्यू म्हणतात. हा शब्द निफाडला शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे, कारण तिथली द्राक्षं परदेशी जातात आणि नेमकी रेसिड्यूवर अडतात. बाबा म्हणतात, आपल्या घरात चोरही आपलेच आणि पोलीसही आपलेच.

आई गेल्यापासून बाबा दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. शहाणी माणसं आपल्या आईवडिलांना इथे उन्हाळ्यात बोलावतात. बाबांना मात्र जानेवारी ते मार्च, म्हणजे धो धो पाऊस आणि चारला अंधार, हेच दिवस हवे असतात. कारण विचारलं तर म्हणतात, द्राक्षाच्या सीझनला मला तिथं थांबवत नाही. दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी सीझन आला की माणूस पळतो, याचं मला हसूच यायचं.

आल्यापासून आमचं एकच भांडण चालतं. मी द्राक्षं तीनदा धुते. एकदा सोड्याच्या पाण्यात, दोनदा साध्या. बाबा बाजूला उभे राहून बघतात आणि म्हणतात, "अजून एकदा धू, म्हणजे नुसती काडी उरेल." माझा नवरा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला या घरात मत नाही. जे मिळेल ते तो न धुता खातो आणि ठणठणीत आहे, हे बाबा मला दर रविवारी ऐकवतात.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवारी पावणेसहाला मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसत होते, तेवढ्यात एक जुना पिकअप धापा टाकत आला. त्यातून पासष्टीच्या एक बाई उतरल्या, हातात प्लास्टिकचा डबा. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या. उत्तरेकडे दीड तासावर त्यांची हेझलनटची छोटी बाग होती. त्या झाडांच्या मुळांशी जमिनीखाली ट्रफल नावाची अळंबी वाढते. काळी, खडबडीत, सोन्याच्या भावाने विकली जाणारी. बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी झाडं लावली होती. नवरा मध्येच गेला. अकरा वर्षं जमिनीतून काही म्हणता काही निघालं नाही आणि या हिवाळ्यात पहिल्यांदा माल लागला. सिएटलमधलं एक रेस्टॉरंट सगळा घ्यायला तयार होतं, पण आधी रेसिड्यूचा स्वच्छ रिपोर्ट हवा होता, तोही पुढच्या आठवड्यात. बाई ४०५ हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकल्या आणि इकडे सॅम्पल घेणारा माणूस पाचला कुलूप लावून गेला.

अशा वेळी "सोमवारी या" म्हणायचं असतं. सॅम्पल कुलपाबाहेर जात नाही, वहीत नोंद झाल्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे मी नव्या लोकांना दर तीन महिन्यांनी घसा फोडून शिकवते. पण बाई काही मागत नव्हत्या, नुसत्या पावसात डबा पोटाशी धरून उभ्या होत्या, त्यामुळे मी पाघळले. म्हटलं, द्या, माझ्या फ्रीजमध्ये ठेवते, सोमवारी पहिलं काम तुमचं.

घरी आले, डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि बाबांना बजावलं की महागाची वस्तू आहे, याला हात लावायचा नाही. तीस वर्षं विषाच्या बाटल्या हाताळलेल्या माणसाला मी हे बजावत होते. ते फक्त "बरं" म्हणाले. बाबांचं "बरं" म्हणजे काय असतं, हे मला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

शनिवारी आम्ही दोघं रेडमंडला एकांकडे जेवायला गेलो आणि बाबा घरी राहिले. दुपारी त्यांचा फोन, की गॅस लीक होतोय, सगळ्या खिडक्या उघडल्यात आणि मी स्वेटर घालून बाहेर उभा आहे. ट्रफलचा वास तसाच असतो, थोडा गॅसचा, थोडा लसणाचा, थोडा न सांगण्यासारखा. मी त्यांना समजावलं. रविवारी बघते तर डबा फ्रीजमध्ये नाही, गॅरेजमधल्या फळीवर. चहाच्या दुधाला वास लागला होता, दह्याला लागला होता, आणि सुरणाच्या पिल्लासाठी मी माझा चहा का नासवू, असा बाबांचा सवाल होता. गॅरेजही फ्रीजइतकंच गार होतं. झाकण नीट लावलेलं होतं. मी डबा तिथेच राहू दिला.

सोमवारी सॅम्पल लावलं. मंगळवारी सकाळी मशीनने आलेख काढला आणि सपाट रेषेतून एक उंच, देखणं शिखर वर आलं. डेल्टामेथ्रीन, कीटक मारायचं औषध. बाईंच्या बागेला सेंद्रियचं सर्टिफिकेट होतं, तिथे याचा कणही चालत नाही. मी सॅम्पल पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मशीन स्वच्छ आहे का तेही तपासलं, स्वच्छ होतं. म्हणजे औषध मालातच होतं.

आता इथे माझं शहाणपण बघा. रिपोर्ट सही होऊन जाईपर्यंत गिऱ्हाइकाशी बोलायचं नसतं. मी बाईंना फोन केला. वाटलं, बिचारीला आधी कळलेलं बरं. शेजारी काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, रासबेरी. झालं! मी त्यांना शांत, समजूतदार आवाजात सांगितलं की शेजारची फवारणी वाऱ्यावर येते, मातीत बसते, असं आम्ही नेहमी बघतो. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

मग त्या म्हणाल्या, "कुत्री त्याची आहे."

ट्रफल जमिनीखाली असते, माणसाला दिसत नाही. पिकलेली कुठली, कच्ची कुठली, हे फक्त शिकवलेल्या कुत्र्याला वासावरून कळतं. बाईंकडे कुत्रा नव्हता. शेजारचे रासबेरीवाले आजोबा सत्तरीचे, त्यांची कुरळ्या केसांची कुत्री त्यांनी स्वतः हौसेने शिकवलेली. दर शनिवारी ते तिला घेऊन कुंपण ओलांडून यायचे, ती नाकाने दाखवायची, बाई खुरप्याने काढायच्या, आणि मग दोघं बाईंच्या ओट्यावर कॉफी प्यायचे.

बुधवारी बाईंचा फोन आला. मी "नक्की" म्हटल्यावर त्या तडक कुंपणापाशी गेल्या होत्या आणि अकरा वर्षांचं सगळं त्या माणसाला ऐकवलं होतं. त्याने ऐकून घेतलं. मग कुत्रीला पट्टा लावला आणि घरी घेऊन गेला. माल जमिनीत पिकला होता, फार तर दोन-तीन आठवडे टिकणार, मग सडणार. बाकी कुत्रेवाल्यांच्या तारखा भरलेल्या होत्या. बाईंनी स्वतः गुडघ्यावर बसून दोन झाडांखाली उकरून पाहिलं, हाताला माती आणि गारगोट्या लागल्या.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आतून थोडं बरंही वाटत होतं. मशीनने पकडलं, मी कारण शोधलं, तपास पूर्ण! त्या संध्याकाळी मी बाबांना ही सगळी हकीकत रंगवून सांगितली. ते मटार सोलत होते.

"फेब्रुवारीत?" ते म्हणाले. "रासबेरीला आत्ता पान तरी आहे का?"

नव्हतं. नुसत्या काड्या होत्या.

"मग काडीवर कोण औषध मारतो? पैसे काय वर आलेत का त्याचे?" त्यांनी एक शेंग फोडली. "बरं, उन्हाळ्यातलं मातीत राहिलं म्हणशील, तर ते असं ढीगभर निघेल का? काय निघालं म्हणालीस?"

मी नाव सांगितलं. बाबांचा हात शेंगेवर थांबला. मग ते उठले, गॅरेजमध्ये गेले आणि खडूचं एक पाकीट आणून माझ्यासमोर मटारांच्या शेजारी ठेवलं.

मुंग्यांचा खडू. आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळतो. ओट्याच्या कडेने रेघ मारली की मुंगी ती ओलांडत नाही. या देशात त्याला बंदी आहे. बाबांनी तो बॅगेत लाडवांच्या डब्याशेजारी ठेवून आणला होता. त्यात काय असतं हे तीस वर्षं विकणाऱ्याला पाठ होतं, आणि मला, जिची त्यावर पगाराची नोकरी आहे, तिला हे सुचलंसुद्धा नव्हतं.

गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. पावसाने बाहेरच्या मुंग्या आत आल्या होत्या, आणि फळीवर डबा होता तिथे एक सुबक पांढरं रिंगण; डबा उचलताना मी फळीकडे पाहिलंच नव्हतं. बाबांचं काम अर्धवट कधी नसतं. रिंगण दुहेरी होतं. वर त्यांनी डब्याच्या काठालाही एक रेघ मारली होती आणि मग त्याच हाताने झाकण उघडून, आतली प्रत्येक ट्रफल उचलून, उलटसुलट करून पाहिली होती.

"तू म्हणालीस महागाची वस्तू आहे," बाबा म्हणाले. "मुंग्या लागल्या असत्या तर?"

मला भयंकर राग आला. मी आधी त्यांच्यावर ओरडले, मग स्वतःवर, मग त्या खडूवर. नवरा वरून डोकावला आणि चतुरपणे परत गेला. ओरडून झाल्यावर मी खुर्चीत बसले आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला तो सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी नाही. मला वाटलं, रिपोर्टवर अजून सही झालेली नाही. बाईंना म्हणायचं, सॅम्पल कमी पडलं, दुसरं पाठवा. दुसरं स्वच्छ निघेल. पहिलं चाचणीतली गडबड म्हणून फाइलमध्ये जाईल. कुणाला कळणार आहे? मी हे बाबांना बोलूनही दाखवलं.

बाबा मटाराचे दाणे वाटीत सारखे करत राहिले. मग म्हणाले, "मी हेच केलं होतं, पोरी."

आमच्या दुकानात रोज चारला एक द्राक्षवाले काका चहाला यायचे. माझ्यासाठी खिशात आवळासुपारी असायची. मी कॉलेजात असताना त्यांचा माल रेसिड्यूवर परत आला आणि त्यानंतर त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. तोट्याने खचले असतील, असं मी धरून चालले होते. त्या संध्याकाळी बाबांनी पहिल्यांदा सांगितलं, की काढणी तोंडावर असताना काकांनी भुरीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीसाठी, औषध विचारलं होतं आणि बाबांनीच बाटली काढून दिली होती, बिनधास्त मारा म्हणाले होते. माल परत आल्यावर गावातली माणसं बाबांच्याच काउंटरशी उभं राहून म्हणत होती, हावरटपणा केला, नको तेव्हा मारलं. काका तिथेच उभे होते. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं.

"मी फडकं घेतलं आणि काउंटर पुसत बसलो," बाबा म्हणाले.

दर सीझनला ते निफाडहून का पळतात, हे मला तेव्हा समजलं. ते उठताना म्हणाले, शनिवारी जाऊ. फोन नको, तोंडावर सांगू. आणि कुत्रीवाल्यालाही सांगू, कारण नाव त्याचं खराब झालंय.

गुरुवारी मी बॉसला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, "दुहेरी रिंगण" आलं तेव्हा त्याने टेबलावर डोकं टेकवलं. सॅम्पल बाद झालं, माझ्या फाइलमध्ये एक पत्र लागलं, आणि सॅम्पल कसं हाताळावं याचं ट्रेनिंग मला पुन्हा घ्यायला लावलं. ते ट्रेनिंग मी स्वतः लिहिलेलं आहे. शेवटच्या परीक्षेत मला दहापैकी नऊ मिळाले.

शनिवारी निघताना बाबांनी कोट घातला, केस पाणी लावून बसवले आणि खडूचं पाकीट एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत घालून मुद्देमालासारखं मांडीवर घेतलं. दीड तास ते इंग्रजी वाक्यं पुटपुटत होते.

बाईंनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं, फ्रीज, गॅरेज, खडू, काही लपवलं नाही. त्यांनी बाबांकडे बघितलंही नाही. मला एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नक्की म्हणालात."

मी "हो" म्हटलं. बारा वर्षांत मला मशीनने कधी खोटं पाडलं नव्हतं. मशीनचं तेव्हाही बरोबरच होतं, जास्तीचं तोंड माझं चाललं होतं.

बाई आमच्याबरोबर कुंपणापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. रासबेरीवाले आजोबा शेडपाशी काहीतरी ठोकत होते. कुत्री पायाशी. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं तरी हातोडी खाली ठेवली नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी मला हाताने मागे केलं आणि पुढे होऊन, काउंटरवर नवं गिऱ्हाईक आल्यासारखं सरळ उभं राहून म्हणाले, "सर, मिस्टेक इज माइन. नॉट युवर्स. नॉट हर्स. माइन." आणि पिशवी पुढे केली.

पुढचं मी सांगितलं. आजोबा ऐकत होते. कुत्रीने पिशवीचा वास घेतला आणि दोनदा शिंकली. शेवटी आजोबांनी खडू उजेडात धरून पाहिला आणि बाबांना विचारलं, याने मुंग्या खरंच जातात का?

बाबांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. तीस वर्षांची सवय. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले.

आजोबा हसले. मग त्यांनी बाबांना शेडमध्ये नेलं आणि फवारणीचं मशीन दाखवलं. बाबांनी लगेच नोझल हातात घेतलं, वाकडं असल्याचं सांगितलं, तर आजोबाही तेच सरळ करत होते. अर्धा तास दोघं कुठल्या भाषेत बोलत होते ते देवाला ठाऊक. मी बाहेर पावसात उभी होते.

परत कुंपणाशी आलो तेव्हा बाई तिथेच होत्या. आजोबांना म्हणाल्या, की मी तुला न विचारता बोलले. ते म्हणाले, विचारलं असतंस तर सांगितलं असतं, तू लॅबचं ऐकलंस. त्यात मी होतेच मध्ये, मान खाली घालून. मग आजोबांनी इतकंच म्हटलं, की कुत्री तीन दिवस जेवली नाहीये धड, आणि पट्टा सोडला.

ती सुटली ती थेट तिसऱ्या ओळीत गेली आणि एका झाडाखाली पंजा ठेवून बसली. बाई गुडघ्यावर बसल्या, खुरप्याने माती सारली आणि मुठीएवढी काळी ट्रफल वर काढली. मग दुसरी. मग त्या काही बोलेनाशा झाल्या आणि आजोबा कुत्रीशी उगाचच जोरजोरात बोलायला लागले. मी नवे हातमोजे घालून नव्या डब्यात सॅम्पल घेतलं, सील केलं, सही घेतली. बाबांना दहा पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभं केलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. हा दुसरा रिपोर्ट पुढे कोरा करकरीत आला , रेस्टॉरंट आठवडाभर थांबायला तयार झालं आणि बाईंचा माल सडायच्या आत सिएटलला गेला, ते इथेच सांगून टाकते.

परतताना अंधारून आलं होतं. बराच वेळ बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि एक नंबर शोधायला लागले. तो त्यांना पाठ होता, पण शोधत राहिले. तिकडे सकाळचे साडेसात झाले होते, चहाची वेळ. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं आणि मी ते आणून दिलं नाही. घंटा सगळ्या गाडीत घुमली.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले. "त्या वर्षीची बाटली. मीच दिली होती. तुमची चूक नव्हती. सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

पलीकडे कुणीतरी चहाचा कप बशीत ठेवला.

"मला ठाऊक होतं की," काका म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता. "तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होतो. एवढं काउंटर पुसलंत त्या दिवशी, मला वाटलं भोक पडेल."

बाबांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. मी गाडीचा वेग कमी केला. काकांनीच विषय बदलला, कुठे आहात, काय करताय. बाबांनी नाक ओढून त्यांना ट्रफलचं सांगितलं, जमिनीखाली लागते, कुत्रं काढून देतं, वास गॅससारखा. काकांना ते जन्मात पटलं नसतं, पण त्यांनी द्राक्षवाल्याचा प्रश्न विचारलाच.

"त्याला औषध कुठलं मारतात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही मारायचं नाही हो त्याला," ते म्हणाले. "आमची पोरगी पकडते."